तीन नंबरच्या ड्रमचा ठोका

दि. २ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस,

मोठ्याबाईचा तुम्हाला, मामींना आणि तुमच्या पाचही धुलाई-मशिनींना सा. न. वि. वि.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून आधी धस्स झालं असेल. फोन असताना हिला पत्र लिहायची बुद्धी का झाली, असं मामींना विचारूनही झालं असेल. फोन आमच्या ट्यूटरबाईंच्या कपाटात आहे. मीच दिला. जवळ असला की बघावासा वाटतो, आणि बघितला की घास उतरत नाही.

आईने तुम्हाला अर्धंच सांगितलंय. नर्सिंगच्या शपथेच्या दिवशी आमच्या वर्गातर्फे स्टेजवर शपथ मी वाचली होती. आईने त्याचं शूटिंग तुम्हालाही पाठवलं, तीन मिनिटांचं. त्यात एके ठिकाणी मी अडकले, ‘रुग्णाची’ या शब्दावर. लहानपणी अडकायचे तशीच. चार-पाच वेळा नुसता ‘रु’ झाला आणि मग गाडी पुढे गेली. सभागृहात कुणाच्या लक्षातही आलं नसावं. पण कुणीतरी तेवढाच तुकडा कापला, त्याखाली नाचाचा ठेका लावला, आणि आता तो गावभर फिरतोय. माझं नाव पडलंय रुरु. जेवणघरात ताट घेऊन रांगेत उभी राहिले की मागून ठेका वाजतो. परवा वॉर्डात सलाईन लावत होते, तर पेशंटच्या मुलीने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाली, एकदा म्हणून दाखवा ना.

रोज तीस-चाळीस अनोळखी माणसं लिहितात. कुणी म्हणतं ही नर्स झाली तर पेशंट वाट बघूनच जाईल. काहींनी लिहिलेलं पत्रात उतरवता येत नाही. एकाने लिहिलं, वसतिगृहाला गच्ची असेलच, मार उडी. तेव्हापासून मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जात नाही. खोलीतच दोरी बांधलीय. दिवसभर ओल्या कपड्यांच्या वासात बसते. घाबरू नका. ट्यूटरबाईंनी मला समोर बसवून सरळ विचारलं, जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का. नाही म्हटलं, आणि ते खरं आहे. तरी दर बुधवारी त्या मला समुपदेशक बाईंकडे पाठवतात.

बारा मार्चला प्रात्यक्षिक परीक्षा आहे. खऱ्या पेशंटच्या उशाशी उभं राहून, परीक्षकांसमोर, जे जे करतो ते मोठ्याने पेशंटला समजावत करायचं. आणि मामा, माझं बोलणं पुन्हा अडकायला लागलंय. ‘र’ समोर दिसला की जबडाच बसतो. वॉर्डात हातवाऱ्यांवर भागवते. ही परीक्षा हुकली की वर्ष गेलं. मला तर वाटतं, वर्षच काय, हे सगळंच सोडावं. तुमच्याकडे चादरींच्या घड्या घालायला माणूस लागतं ना? तिथे बोलावं लागत नाही. मला ठेवून घ्या.

उत्तर पत्रानेच द्या. तुमचा लोभ आजवर न मागता मिळाला, यावेळी मागून घेते.

तुमची,
मोठ्याबाई


दि. ६ फेब्रुवारी

चि. मोठ्याबाई हिस अ. उ. आ. (आशीर्वाद धुऊन, वाळवून, कडक इस्त्री करून पाठवले आहेत. उलगडून घेणे.)

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा रडू आलं, तिसऱ्यांदा चष्मा लावला. मामी म्हणाली, आधीच लावला असतात तर दोनदाच वाचावं लागलं असतं.

नोकरीचं आधी सांगतो. घड्या घालायला माणूस लागतं, पण ते तू नाहीस. शिवाय तिथे बोलावं लागत नाही हे तुला कुणी सांगितलं? आमच्या घड्यांच्या टेबलावर दोघी आहेत. सकाळी आठला तोंड उघडतात, ते थेट सुटीच्या भोंग्याला मिटतं. न बोलणाऱ्या माणसाला त्या दोघी दोन दिवसांत पळवून लावतात. तेव्हा हा रस्ता बंद.

मी हॉटेलाच्या मागच्या नळावर हाताने चादरी चोळण्यापासून सुरुवात केली. तेव्हा लोक मला काय काय म्हणत, ते तुझ्या आईला विचार. फरक एवढाच की म्हणणारा समोर असायचा, आणि संध्याकाळी तो त्याच्या घरी अन् मी माझ्या. तुझ्या मागे हे लोक खोलीत शिरतात, उशीत शिरतात. हे मला कळत नव्हतं, पत्र वाचून थोडं कळलं.

पण हात बांधून बसणारा तुझा मामा नव्हे. बंदोबस्त केला आहे. काल सगळ्या माणसांना बोलावलं. बॉयलरवाला, इस्त्रीवाले, गाडीवाला, घड्यावाल्या, सगळे मिळून चौदा. मजकूर मी स्वतः सांगितला, प्रत्येकाने आपापल्या फोनवर उतरवून घेतला, आणि आज दुपारपर्यंत त्या चावट तुकड्याखाली चौदा जणांची चौदा प्रशस्तिपत्रं पडलेली असतील. बघू मग कोण हसतं.

बाकी तुझं ते शूटिंग, पूर्ण तीन मिनिटांचं, मी अजूनही रोज जेवताना लावतो. धाकटीलाही सांगतो, बघ, तुझी आतेबहीण कशी उभी राहिलीय, शिक काहीतरी. ती ताट उचलून वरच्या खोलीत जाते. सोळावं लागल्यापासून तिचं तोंड बंद आणि दार बंद. मशीन असतं तर कान लावून सांगितलं असतं काय बिघडलंय. दुरुस्तीवाला यायच्या आधी मी ऐकूनच सांगतो, तो फक्त पाना फिरवतो. मुलींचं मात्र ऐकून कळत नाही.

परीक्षेला बसायचं आहे, हे गृहीत धरून तुझा,
मामा

ता. क. लोभ मागायचा नसतो. तो आमच्याकडे ढिगाने पडून आहे.


दि. ११ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

तुमची प्रशस्तिपत्रं पडली. मामा, रागावू नका, पण तुम्ही मजकूर सांगताना पहिलं वाक्य काय सांगितलंत ते आठवा. चौदाही जणांनी शब्दन् शब्द तसंच लिहिलंय: ‘खालील मजकूर प्रत्येकाने न चुकता लिहावा. सदर मुलगी अत्यंत गुणी, मनमिळाऊ व होतकरू असून तिच्याविषयी गैरसमज पसरवू नये.’ चौदा वेळा, एकाखाली एक. गाडीवाल्याने तर धुलाई केंद्राच्या खात्यावरून लिहिलं, आणि त्या खात्याला पांढऱ्या चादरींचा फोटो आहे.

अर्ध्या तासात त्याचेही फोटो फिरले. आता नुसती रुरु नाही, ‘रुरु आणि तिची चादरसेना’. जो तुकडा चार दिवसांत जुना होत चालला होता, तो पुन्हा ताजा झाला. काल जेवणघरात एकीने टेबलावरचं कापड डोक्यावरून घेतलं आणि तुमचा मजकूर पाठ म्हटला. सगळा हॉल हसला. मीही हसले असते, माझ्याबद्दल नसता तर.

तुमचा हेतू मला ठाऊक आहे. म्हणून आता ट्यूटरबाईंनी जे सांगितलंय ते तुम्हालाही सांगते. कुणाला उत्तर द्यायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. उत्तर दिलं की ते वर येतं, आणि आणखी हजार जणांना दिसतं. पुसायचं काही नाही. आधी फोटो काढून ठेवायचा, तारीख-वेळेसकट, मग तक्रार करायची आणि त्या माणसाला ब्लॉक करायचं. धमकीवाले निरोप पोलिसांच्या सायबर कक्षाकडे जाणार, बाकीचं कॉलेजच्या समितीकडे. सगळ्याची एक वही करायची आहे. कोण, कधी, काय म्हणाला. ती वही मलाच भरता येत नाही. दोन ओळी लिहिल्या की पान फाडून टाकते. म्हणून ती तशीच कोरी आहे.

आता कामाचं. परवा एक नवीन आवाजाची फीत आलीय. कुणीतरी मुलगी माझी नक्कल करतेय, ‘रु-रु-रु’ आणि मग हसू. आवाज यंत्राने बारीक केलाय, पण त्यात माझ्या लहानपणाची एक गोष्ट आहे. मी आरशासमोर उभी राहून शब्द घोकायचे ती. ही गोष्ट मी इथे फक्त माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगितली होती. ती हल्ली मी आत शिरले की फोन पालथा घालते. सकाळी माझ्याआधी उठून काहीतरी टाइप करत असते. मामा, एका खोलीत, चार हातांवर ती झोपते. मी भिंतीकडे तोंड करून बसते, कारण तिच्याकडे पाठ करायची भीती वाटते आणि तोंड करायचीही.

ट्यूटरबाईंच्या फोनवरून ती फीत तुम्हाला पाठवलीय. तुम्ही तिला भेटलाहात, तिचं हसणं ऐकलंय. तुमचे कान आहेत म्हणून विचारते. तीच आहे का, एवढंच सांगा.

चादरसेनेसकट सर्वांवर लोभ आहे. सेना मात्र बरखास्त करावी.

तुमची,
मोठ्याबाई


दि. १५ फेब्रुवारी

चि. मोठ्याबाई हिस अ. उ. आ.

सेना बरखास्त केली. सगळ्यांना लिहिलेलं काढून टाकायला लावलं. गाडीवाला रडवेला झाला होता. चूक माझी होती.

फीत ऐकली. आवाज बदललेला आहे, काही सांगता येत नाही. नक्की माहीत नसताना कुणाचं नाव घेऊ नये.

इकडे काम फार आहे. तीन नंबरचं मशीन दोन दिवस बंद ठेवून बेअरिंग बदलून घेतलं. मामी बरी आहे. धाकटी बरी आहे.

तब्येतीला जप.
मामा


दि. १९ फेब्रुवारी

ती. स्व. मामांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, असं म्हणायचं. पाकीट उघडून मी आत आणखी एखादा कागद राहिलाय का बघितलं. तुम्ही मला कधी अर्ध्या पानाचं पत्र पाठवलेलं नाहीत. दहावीला मला गणितात कमी पडले तेव्हाही तीन पानं आली होती, त्यातली दोन तुमच्या शाळेतल्या मास्तरांच्या नकलांनी भरलेली. बेअरिंगची बातमी कळली. मी काय विचारलं होतं, मामा?

तुम्हीही कंटाळला असाल तर तसं लिहा. आईसुद्धा आता फोनवर ट्यूटरबाईंना म्हणाली, तिला म्हणावं लक्ष देऊ नको. लक्ष मी देत नाही, ते माझ्याकडून घेतलं जातं. काल औषधांची ट्रॉली घेऊन जात होते, तर लिफ्टच्या दारात दोन अनोळखी पोरं माझ्याकडे बघून एकमेकांना ढोसत होती. कदाचित ती दुसऱ्याच कशावर हसत असतील. पण मी ट्रॉली घेऊन उलटी फिरले आणि उतरणीच्या रस्त्याने तीन मजले खाली गेले. आता प्रत्येक हसणाऱ्या माणसाच्या खिशात मी आहे असं वाटतं.

सव्वीस तारखेला समितीची बैठक आहे. ती फीत कुणाची, याबद्दल संशय असेल तर लेखी दे, असं ट्यूटरबाई म्हणाल्यात. मी खोलीतल्या मैत्रिणीचं नाव देणार आहे. वर्गातल्या दोघींना सांगितलंही. त्यांनाही पटलं. काल जेवताना तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली.

परीक्षेचा अर्ज भरायची मुदत एक मार्चपर्यंत आहे. माझा अजून कोराच आहे.

मोठ्याबाई


दि. २१ फेब्रुवारी

चि. मोठ्याबाई,

आशीर्वाद लिहायला आज हात उचलत नाही. आधी वाच, मग तुला वाटलं तर घे.

तुझ्या मैत्रिणीचं नाव देऊ नकोस. ती नाही.

फीत आली तेव्हा मी खाली कामावर होतो. पाचही मशिनं चालू होती, काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुटी. सगळं बंद करून मी एकटाच खाली खुर्ची टाकून बसलो आणि पुन्हा लावली. आवाजाकडे लक्ष दिलं नाही, त्याच्या मागे काय आहे ते ऐकलं. घुर्र, घुर्र, घुर्र, टक. घुर्र, घुर्र, घुर्र, टक. समोर तीन नंबरचा ड्रम गप्प उभा होता, आणि त्याचा ठोका माझ्या हातातल्या फोनमधून येत होता. चार महिने तो ठोका मी ऐकतोय. दर तिसऱ्या फेऱ्याला एक. जगात असं दुसरं मशीन असेल, पण त्याच्या बरोबर वरच्या खोलीत तुझी आरशाची गोष्ट माहीत असलेली दुसरी मुलगी नसेल.

ती धाकटी आहे.

मग मी काय केलं ते ऐक. तुला लिहिलं नाही. दुरुस्तीवाल्याला बोलावलं आणि बेअरिंग बदलून घेतलं. चार महिने आज करू उद्या करू चाललं होतं, ते त्या दिवशी घाईने केलं. ठोकाच राहिला नाही तर तो ओळखणार कोण? इतका विचार तुझ्या मामाने केला. आणि तुला लिहिलं, काही सांगता येत नाही. एका बाजूला तू, एका बाजूला ती. कुणीकडे सरकलो तरी मध्ये माझाच माणूस चिरडतो. म्हणून मी सरकलोच नाही, आणि तेवढ्यात तिसऱ्याच मुलीच्या शेजारची खुर्ची रिकामी झाली. ते वाचल्यावर गप्प बसणं जमलं नाही.

काल धाकटीला विचारलं. आधी नाही म्हणाली. मग बदललेलं जुनं बेअरिंग तिच्यासमोर ठेवलं आणि फीत लावली. तिने कानांवर हात ठेवले. पहिला तुकडा कापला तोही तिनेच. मैत्रिणींच्या गटात टाकला, त्यातल्या एकीने ठेका लावला, पुढे कोण कुणाला पाठवत गेलं याचा पत्ता नाही. सगळे हसले तसं तिला आणखी कर म्हणाले. तिने आणखी केलं, खोट्या नावांनी लिहिलंही. मी ओरडलो. का, म्हणून विचारलं. ती एवढंच म्हणाली:

“बाबा, तुम्ही रोज जेवताना तिला ऐकायचात. मी समोर बसलेली असायचे.”

तिचं म्हणणं खरं आहे. म्हणून तिने केलं ते क्षम्य होत नाही, हे मी तिला सांगितलं. माझंही होत नाही, ते तुला सांगतो.

अक्काला, तुझ्या आईला, अजून कळवलेलं नाही. समितीला काय सांगायचं, पोलिसांत काय द्यायचं, ते तू ठरव. तू म्हणशील ते मी करीन, तिच्याकडूनही करवून घेईन. हात मात्र उगारणार नाही. फोनही फोडणार नाही, त्यात पुरावा आहे.

मामा


दि. २४ फेब्रुवारी

मामांस,

नमस्कार सवयीने लिहिला जाणार होता, म्हणून खोडून फक्त ‘मामांस’ ठेवलं.

तुमचं पत्र मी न्हाणीघरात कडी लावून वाचलं, कारण खोलीत ती होती. जिच्यावर मी आळ घेतला ती. केलं ते तुमच्या मुलीने, हे वाचून मला रडू आलं नाही. मला फक्त आठवत राहिलं की सुटीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती आरशाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांग म्हणायची. अनोळखी माणसांनी जे केलं ते बाहेरून होतं. हे आतून आहे. आणि तुम्ही ते सहा दिवस दाबून ठेवलंत, मला पाठवलेल्या अर्ध्या पानाच्या पत्रात. ते सहा दिवस मी विसरेन असं समजू नका.

मी मैत्रिणीसमोर गेले आणि सगळं सांगितलं. तिने फोन माझ्या हातात दिला. रोज सकाळी उठून ती माझ्यावरची नवीन पानं शोधत होती आणि एकेकाची तक्रार करत होती. मला दिसू नये म्हणून फोन पालथा घालायची. मी माफी मागितली. ती ‘बरं’ म्हणाली आणि पुस्तक उघडून बसली. अजून ‘बरं’च्या पुढे काही बोललेली नाही. मीही तिच्याशी तेच केलं ना मामा, चार माणसांत नाव घेऊन तिला एकटं पाडलं. ज्या दोघींना सांगितलं होतं त्यांना जाऊन मी चुकले म्हणून सांगितलंय. त्यांनी लगेच मान डोलावली. संशय घेतानाही अशीच डोलावली होती.

आता तुमच्या मुलीचं. तिला माझ्याकडे आणू नका. रडायला लावू नका. माफीचं पत्र तुम्ही सांगून तर मुळीच लिहवून घेऊ नका, तुमच्या सांगून लिहवलेल्या मजकुराचा अनुभव आहे. सव्वीसच्या आत तिने समितीला स्वतः लिहून द्यायचं, काय कापलं, कुणाला पाठवलं, कोणत्या खोट्या नावांनी काय लिहिलं. ठेका लावणाऱ्या मुलीच्या शाळेलाही ते जाईल. आईला मी सांगेन, तुम्ही नाही.

आणि ती वही. ट्यूटरबाई सगळे फोटो तिच्याकडे पाठवतील. सहाशेच्या वर आहेत. समितीला आणि पोलिसांना त्यांची तारीखवार यादी हवीय, आणि मला ते वाचवत नाही. ते तिने हाताने उतरवून काढायचं. गाळायचं काही नाही. जिथे शिवी आहे तिथे शिवी लिहायची. तुम्ही शेजारी बसा. मदत करू नका, पण उठूनही जाऊ नका.

परीक्षेचा अर्ज काल भरला. बसेन की नाही माहीत नाही. पण तो कोरा ठेवून मी कुणावर उपकार करत होते, हेही कळेना.

लोभाबद्दल आज काही लिहीत नाही.

मोठ्याबाई


दि. ६ मार्च

ताई,

हे पत्र बाबांनी सांगितलेलं नाही. ते खाली आहेत.

वही आज पाठवली. सहाशे अडतीस झाले. सात दिवस लागले. पहिल्या दिवशी मी भराभर लिहीत होते, शाळेत शिक्षा म्हणून लिहितात तसं, अर्थ न बघता. मग दीडशेच्या पुढे तेच तेच लोक यायला लागले. एक माणूस रोज सकाळी सव्वासातला लिहितो. रोज. त्याच्या फोटोत त्याच्या कडेवर बाळ आहे. तो तुला ओळखत नाही, तरी उठल्या उठल्या त्याला तूच आठवतेस. मला त्याची भीती वाटली, आणि तो माझ्यामुळे आलाय हे त्याच्या पुढच्या ओळीला कळलं.

गच्चीवालं मी लिहू शकत नव्हते. बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, तिने वाचलंय, तू लिहायला काय हरकत आहे. मी लिहिलं. बाबा उठले नाहीत, पण त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी समितीला लिहून दिलं होतं की दोन खोट्या नावांनी मी सहा वेळा लिहिलंय. मला सहाच आठवत होते. उतरवताना मोजले तर एकोणीस निघाले. खोटं बोलायचं नव्हतं, ताई, खरंच विसरले होते. तेरा वेळा तुला तसं बोलून मी विसरून गेले होते. ते दुरुस्त करून पुन्हा समितीला पाठवलंय. वहीत त्या एकोणीस ओळींपुढे मी माझं खरं नाव घातलंय.

गटातल्या मुली आता माझ्याशी बोलत नाहीत. मी सांगितलं म्हणून. वर्गात माझंही एक नाव पडलंय, ते लिहीत नाही, नाहीतर तुला वाटेल मी दया मागतेय.

जेवताना बाबा आता काही लावत नाहीत. विचारतात आज काय झालं. मला सांगता येत नाही. पण विचारतात.

उत्तर लिही असं म्हणत नाही.

धाकटी


दि. १३ मार्च

ती. स्व. मामांस,

आज नमस्कार लिहिते. पूर्वीइतका वाकून नाही, पण खरा आहे, तो घ्यावा. वि. वि.

वही पोचली. ट्यूटरबाईंनी ती समितीला दिली, धमकीवाली पानं पोलिसांकडे गेली. सव्वासातवाल्या माणसाला कक्षातून बोलावणं गेलंय. ठेका लावणाऱ्या मुलीने मूळ तुकडा काढला. त्याचा उपयोग फार नाही, तो आता ज्यांच्याकडे आहे त्यांना मोजता येत नाही. एक पान बंद झालं की दुसरं उघडतं. समुपदेशक बाई म्हणाल्या, हे पूर्ण पुसलं जाईल असं वचन मी तुला देणार नाही. खोटं वचन न देणारं माणूस फार दिवसांनी भेटलं म्हणून बरं वाटलं. धाकटीला उत्तर लिहिलेलं नाही. लिहीन का, आज सांगता येत नाही. पत्र फाडलं नाही, एवढं तिला सांगायला हरकत नाही.

काल परीक्षा झाली. सकाळी मैत्रिणीने माझी टोपी पिनांनी नीट बसवून दिली. ‘बरं’च्या पुढचं तिचं पहिलं वाक्य होतं, हलू नकोस, टोचेल. वॉर्डात शिरेपर्यंत मी मागे फिरायची तीन कारणं तयार ठेवली होती. माझ्या वाट्याला एक बेकरीवाले गृहस्थ आले, पोटाचं ऑपरेशन झालेले, चौथा दिवस. परीक्षक बाई बाहेरगावच्या, चष्मा नाकावर, हातात वही, पलंगाच्या पायथ्याशी उभ्या. मी पट्टा उलगडला आणि सांगायला लागले की आता तुमचा, आणि तिथेच ‘र’ आला. रक्तदाब. जबडा बसला. एकदा, दोनदा, तीनदा.

बेकरीवाल्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. त्यांचा चेहरा असा उजळला, जसा गर्दीत ओळखीचं माणूस दिसल्यावर उजळतो. बायकोकडे वळून म्हणाले, अगं, ही ती रुरु. आणि तोंडाने ठेका धरला. वाईट माणूस नव्हता तो, मामा. त्याला खरंच आनंद झाला होता. शेजारच्या पलंगावरचा हसला. परीक्षक बाईंनी वहीतून डोकं वर काढलं. पाठीमागे भिंत, डाव्या हाताला सलाईनचा स्टँड, उजव्या हाताला त्यांची बायको. निघायला वाटच नव्हती. पट्टा माझ्या हातात होता आणि त्यांचा दंड ताठ झाला होता, हसून हसून.

ताठ दंडावर पट्टा बांधला तर आकडा चुकतो. त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच आलं. म्हणाले:

“हो, मीच ती. मी र-र-रक्तदाब बघणार आहे. हात सैल सोडा आणि एक मिनिट बोलू नका.”

ते गप्प झाले. हात सैल सोडला. मी पट्टा बांधला, हवा भरली, नळी कानाला लावली. त्यात बाहेरचं काही ऐकू येत नाही, फक्त ठोके येतात. ते कुठे सुरू झाले आणि कुठे थांबले ते मी मोठ्याने सांगितलं, दोन्ही आकडे. परीक्षक बाईंनी दुसऱ्या दंडावर स्वतः मोजून पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला दिसलं नाही.

निकाल महिन्याने. तोवर वॉर्डात रोजची पाळी आहे, उद्या सकाळची. लोभ आटला होता, तळाशी थोडा राहिला होता. तेवढ्यावर सही करते.

तुमची,
मोठ्याबाई